तांब्याच्या पत्र्याचा गुलाब घरच्या घरी, पहिल्यांदाच हातोडी धरणाऱ्यांसाठी

पहिलं फूल गुलाबच करा. लोकांना वाटतं गुलाब अवघड, एवढ्या पाकळ्या, त्यापेक्षा आधी चाफा करू किंवा जास्वंद करू, पाचच तर पाकळ्या आहेत. मीपण तेच केलं आणि तीन रविवार वाया घालवले. चाफ्याच्या पाच पाकळ्या उघड्या असतात, एक जरी वाकडी कापली गेली तरी ती लगेच दिसते, आणि जास्वंदीचं तर त्या मधल्या दांड्यासकट सगळंच चारचौघांत. गुलाब सगळं पोटात घालतो. एखादी पाकळी चिरली, आतल्या थरात ढकला. कड वाकडी गेली, बाहेर मुरडा, लोक म्हणतील काय नैसर्गिक दिसतंय!

मी हे फ्लॅटच्या बाल्कनीत करते, साधारण सहा बाय चार फूट जागा, एक जुनं स्टडी टेबल आणि त्याला बसवलेला छोटा व्हाइस (काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा). वेल्डिंग येत नाही, कधी शिकले नाही, आणि या फुलाला ते लागतही नाही. सगळं एका रिव्हेटवर उभं राहतं, म्हणजे भोकातून वर काढलेलं तारेचं टोक ठोकून पसरवायचं, की सगळे थर त्याखाली घट्ट बसतात. त्यामुळे टॉर्चचा (म्हणजे गॅसची ज्योत सोडणारा, बॅटरीचा नव्हे) मोठा सेट, डाख द्यायचं म्हणजे सोल्डरिंगचं सामान, अमुक तमुक किट यावर आधीच पैसे घालू नका.

१. सामान, आणि कुठून आणायचं

पुण्यात असाल तर हत्यारांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीट. पत्र्यासाठी तांब्याची भांडी विकणारे किंवा घडवणारे लोक बघा, पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, मुंबईत पायधुनीजवळ तांबा काटा आहे. पत्रा वजनावर मिळतो आणि भाव सारखा बदलतो त्यामुळे किंमत लिहीत नाही. कातरीतून उरलेले तुकडे मिळतील का ते विचारायला लाजू नका, आपल्याला अख्खा पत्रा नकोच असतो.

तर यादी:

– तांब्याचा पत्रा, २८ गेज, म्हणजे जाडी साधारण ०.३८ मिमी. एक फूट बाय एक फूट तुकडा भरतो जवळजवळ ३१५ ग्रॅम. त्यात तीन फुलं आरामात, नीट मांडलंत तर चौथंही.
– देठासाठी ८ नंबरची तांब्याची तार, जाडी ४ मिमी. इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगची तार म्हणून मागा. एका फुलाला एक फूट.
– पत्र्याची कातर. सरळ कापणारी पिवळ्या मुठीची येते, डावीकडे वळणारी लाल, उजवीकडे वळणारी हिरवी. एकच घ्यायची तर पिवळी घ्या.
– बॉल पेन हातोडी, म्हणजे जिचं एक तोंड चपटं आणि दुसरं गोल असतं ती, छोटी, पाव किलोच्या आसपासची. आणि एक लाकडी किंवा रबरी हातोडा.
– निमुळती पक्कड आणि गोल नाकाची पक्कड (दागिने बनवणारे वापरतात ती).
– कानस, एक चपटी एक अर्धगोल, आणि पॉलिश पेपर २२० आणि ४०० नंबर.
– ड्रिल, २ आणि ३ मिमीचे बिट, सेंटर पंच (भोकाच्या जागी खूण ठोकायचा टोकदार खिळा).
– ब्युटेनच्या कॅनवर बसणारा हँड टॉर्च.
– भट्टीची वीट, दोन.
– लाकडाचा ओंडका, वखारीतून, बाभळीचा असेल तर उत्तम. उभा ठेवायचा, म्हणजे वर्तुळं दिसतात ती बाजू वर.
– चष्मा, पाण्याची बादली, सायट्रिक अॅसिड म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल.

देठाच्या तारेबाबत एक फसवणूक सांगून ठेवते. मला एका दुकानात तांब्याची म्हणून जी तार दिली ती आतून लोखंडी होती, वर नुसता तांब्याचा मुलामा. घरी येऊन कानस मारली तेव्हा आत पांढरं दिसलं. खिशात एक चुंबक ठेवा, चिकटलं तर परत करा. अॅल्युमिनियमवर तांबं चढवलेली तारही मिळते, तिला चुंबक चिकटत नाही, पण ती हाताला हलकी लागते आणि कापलेलं टोक चंदेरी दिसतं. टोक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. स्वस्त पडतो म्हणून जी.आय. पत्र्यावर सराव करायला जाऊ नका, निदान आग लावणार असाल तर नाहीच. त्यावर जस्ताचा थर असतो, तापला की पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. पितळेतही जस्त असतंच, म्हणून पितळ सुरुवातीला नको. सरावाला कोल्ड्रिंकचे कॅन कापा, त्यांना तापवायचं नाही, फक्त आकाराचा अंदाज घ्यायचा.

२. जागा आणि शेजारी

टॉर्च बाल्कनीत किंवा गच्चीवर, बंद खोलीत नाही. विटा कोरड्या हव्यात. फरशीवर किंवा कोब्यावर थेट ज्योत मारायची नाही, आत ओल असते ती तापून तुकडा उडतो. अंगात सुती कपडे, ओढणी नाही, केस बांधलेले.

आवाजाचं म्हणाल तर ओंडक्याखाली वाळूची पिशवी ठेवा, पिशवी म्हणजे जुन्या जीन्सचा पाय दोन्ही बाजूंनी शिवून त्यात वाळू. निम्मा आवाज तिथेच मरतो. तरी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी बेल वाजवली होती, तेव्हापासून ठोकाठोकी फक्त रविवारी अकरा ते एक, आणि पहिला गुलाब त्यांनाच दिला. आता त्याच विचारतात, काय गं, आज काही वाजलं नाही.

३. कागदाचा गुलाब आधी

एक खरा गुलाब आणा आणि त्याची एकेक पाकळी काढून ओळीने मांडा. हे टाळू नका. बघा, आतल्या पाकळ्या लहान आणि उभट, बाहेरच्या रुंद, आणि बाहेरच्यांच्या दोन्ही कडा मागे वळलेल्या, त्यामुळे गोल पाकळीसुद्धा टोकदार दिसते. डोक्यातला गुलाब आणि हातातला गुलाब वेगळा असतो.

मग जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर कंपासने सहा गोल काढा: व्यास ३५, ५०, ६०, ७०, ७५ मिमी, आणि खालच्या हिरव्या निदलांसाठी ४५. पहिल्या पाच गोलांचे प्रत्येकी पाच भाग, ७२ अंशांवर. प्रत्येक भाग म्हणजे एक पाकळी, वरून गोलसर, दोन पाकळ्यांच्या मध्ये केंद्राकडे जाणारी चीर. ही चीर केंद्रापर्यंत न्यायची नाही! मध्ये १६ मिमी व्यासाची टिकली शाबूत राहिली पाहिजे, सगळ्यात लहान गोलात १२ चालेल. टिकली लहान ठेवलीत तर पाकळी वाकवताना मुळातून तुटते. निदलाचा गोल पाच टोकांच्या चांदणीसारखा कापा.

कागदी चकत्या टाचणीत ओवून वाकवून बघा. इथे जो आकार आवडत नाही तो तांब्यातही आवडणार नाही.

४. भोकं आधी, कापणं नंतर

कागद पत्र्यावर ठेवून टोकदार खिळ्याने कोरून घ्या, मार्करची रेघ जाड येते आणि हात लागून पुसते. आता प्रत्येक चिरेचं आतलं टोक जिथे येतं तिथे सेंटर पंच मारून २ मिमीचं भोक पाडा, आणि बरोबर मध्ये ३ मिमीचं. चिरेच्या टोकाशी गोल भोक असलं की फाट तिथेच थांबते, नाहीतर वाकवताना ती आत आत सरकत जाते.

पातळ तांब्यात ड्रिल करणं हा या सगळ्यातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे, टॉर्चपेक्षाही. बिट पत्र्यातून बाहेर पडताना अडकतं, आणि पत्रा हातातून सुटून पंख्यासारखा फिरतो. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. पत्रा दोन फळ्यांमध्ये दाबून क्लॅम्प लावा आणि वरच्या फळीसकट भोक पाडा. आणि ड्रिल करताना हातमोजे घालू नका, मोजा बिटमध्ये गुंडाळला जातो. हातमोजे कापताना घाला.

कापायची सोपी पद्धत म्हणजे आधी पत्र्याचे ओबडधोबड चौकोन करून घ्यायचे, मग एकेक गोल. कातरीची पाती पूर्ण मिटू नका, टोकापर्यंत मिटलं की तिथे पत्र्याला चावा बसतो आणि कड दातेरी होते. पाऊण पातं वापरा आणि पुढे सरका. कात्रण फेकू नका, त्यातून वॉशर आणि पानं होतात.

नंतर सगळ्या कडांवर कानस आणि पॉलिश पेपर. कंटाळवाणं काम, पण कापलेल्या कडेला जो बर, म्हणजे बारीक उभा राहिलेला काठ, राहतो तो ब्लेडसारखा असतो. डोळे मिटून कडेवरून हलकेच बोट फिरवलं आणि काही टोचलं नाही म्हणजे झालं.

५. ताव

इथे थोडं थांबू, कारण सगळं काम यावरच आहे आणि नवे लोक नेमकं हेच उरकतात.

तांबं ठोकलं किंवा वाकवलं की कडक होत जातं. बाजारातून आणलेला पत्रा बहुतेक वेळा लाटून आधीच कडक झालेला असतो. तसाच ठोकलात तर पाकळी हट्टाने परत सरळ होते, जास्त जोर लावला तर चिरते, आणि मग लोक म्हणतात माझ्या हातात कला नाही. कला वगैरे काही नाही, ताव दिलेला नाही एवढंच. तापवलं की धातू आतून परत मोकळा होतो, मऊ पडतो, जवळजवळ जाड कागदासारखा.

पद्धत अशी. चकती विटेवर ठेवा, संध्याकाळी किंवा सावलीत, कारण भर उन्हात रंग कळत नाही. टॉर्चची ज्योत सतत गोल फिरवत राहा. आधी रंगांच्या लाटा येतील, केशरी, जांभळट, मग काळसर, आणि मग काळ्याच्या आतून मंद गडद लाल उजेड दिसायला लागेल. बास. तिथे थांबा. सगळ्या चकतीवर तो लाल रंग एकदा फिरून गेला की चिमट्याने उचला आणि पाण्यात टाका.

लोखंडाचं काम बघितलेले लोक इथे दचकतात, कारण पोलाद लाल करून पाण्यात टाकलं की कडक होतं. तांब्याचं तसं नाही, पाण्यात टाकलं तरी ते मऊच राहतं, आणि वर काळा पापुद्रा सुटायला मदत होते. तांबं १०८५ अंशाला वितळतं, म्हणजे आपण बरेच अलीकडे थांबतोय, पण २८ गेजची पातळ कड एकाच जागी ज्योत धरली तर खराब होऊ शकते. केशरी लाल दिसेपर्यंत तापवत बसलात तर धातूचा आतला कण मोठा होतो आणि ठोकल्यावर वर संत्र्याच्या सालीसारखे फोड दिसतात. ते परत नीट होत नाही.

टॉर्च नसेल तर? लहान चकती स्वयंपाकाच्या गॅसवर लाल होते, मी पहिले दोन महिने तेच करत होते, मोठ्या चकत्यांना उष्णता पुरत नाही. पण काळे पापुद्रे बर्नरमध्ये पडतात आणि मग घरात बोलणी खावी लागतात.

ताव परत कधी द्यायचा हे कान सांगतो. मऊ तांब्यावर हातोडी पडली की आवाज बसका, धप्प. कडक होत आलं की टणटण वाजायला लागतं आणि पाकळी दाबली तर स्प्रिंगसारखी उसळते. टण ऐकू आलं की थांबा, आणखी दहा घाव मारून बघू असं करू नका. त्या दहा घावांत माझ्या किती पाकळ्या गेल्या त्याचा हिशोबच नाही. एका फुलाला मी साधारण तीन वेळा ताव देते.

६. काळेपणा काढणं

लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल, प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात, चकत्या पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि मग जुन्या ब्रशने घासा. चिंच आणि मीठही चालतं, आपल्याकडे तांब्याचा बंब याच्यावरच लखलखायचा. लोखंडी चिमटा त्या पाण्यात बुडवू नका, त्याच्यावर तांबं चढतं.

बाथरूमचं अॅसिड झटपट काम करतं म्हणून वापरू नका. मी एकदा वापरलं, बाटली टेबलाखाली नीट बंद न करता राहिली, आणि आठवड्यात सगळ्या कानशी, पकडी, ड्रिलचे बिट गंजून तांबूस. त्याची वाफच पुरते.

७. पाकळीला पोट देणं

ओंडक्याच्या वरच्या तोंडाला गोल छिन्नीने किंवा हातोडीनेच ठोकून एक खळगा करा, आमटीच्या डावाएवढा. पाकळी त्या खळग्यावर ठेवून हातोडीच्या गोल तोंडाने मधून कडेकडे हलके घाव. हलके म्हणजे मनगटातून, खांद्यातून नाही. लोखंडी खलबत्त्यातला खलसुद्धा खळगा म्हणून चालतो पण आवाज भयंकर.

आत्ता फक्त उथळ वाटीसारखा बाक द्यायचा, पाकळ्या पूर्ण उभ्या करायच्या नाहीत, नाहीतर पुढे रिव्हेट मारायला हातोडी आत जाणार नाही. ही चूक प्रत्येक जण एकदा करतो.

शिरा हव्या असतील तर बोथट छिन्नीने मुळापासून कडेकडे बारीक रेघा, पण गुलाबाच्या पाकळीत त्या ठळक नसतात, त्यामुळे कमीच बऱ्या. तांबट लोक भांड्यावर शेजारी शेजारी घाव मारून जे चमकदार ठसे उठवतात त्याला मठारकाम म्हणतात. तो नुसता शोभेचा प्रकार नाही, त्याने पत्रा कडकही होतो. बघायला मिळालं तर दहा मिनिटं उभं राहून बघा, प्रत्येक घाव मागच्या घावाच्या बरोबर शेजारी पडतो. आपल्याला बाहेरच्या दोन थरांच्या कडांवर असे हलके ठसे देता येतात, दिसायला छान.

पोट देऊन झालं की सगळ्या चकत्यांना शेवटचा ताव द्या, परत लिंबूफुलात बुडवा, धुवा, पुसा. यानंतर मऊ करायला आग लावायची नाही.

८. देठ आणि रिव्हेट

तारेचं एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पकडीत, आणि मागे झुकून जोरात ओढा, तार सरळ होते. आता एका टोकाला ६ मिमी लांबीपर्यंत कानस मारून जाडी ४ वरून ३ मिमी करा, म्हणजे तिथे एक खांदा तयार होतो ज्यावर फूल बसतं. खांदा चौरस हवा, उतरता नको. मधून मधून चकतीचं भोक घालून बघत राहा.

देठ व्हाइसमध्ये उभा, खांदा जबड्यांच्या जरासा वर, जबड्यांना तांब्याच्या कात्रणाचं आवरण म्हणजे देठावर दात उमटत नाहीत. गच्च आवळा. आता खालून वर: निदलाची चांदणी, ७५, ७०, ६०, ५०, ३५, आणि वर कात्रणातून कापलेला छोटा वॉशर. प्रत्येक थर खालच्यापेक्षा अर्ध्या पाकळीने फिरवा, म्हणजे ३६ अंश, वरची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या फटीवर यायला हवी.

वॉशरच्या वर साधारण ३ मिमी टोक दिसायला हवं. पाच-सहा मिमी दिसत असेल तर कापा, लांब टोक ठोकलं की ते पसरत नाही, आडवं पडतं. आणि एक मिमीच उरलं असेल तर पकड येत नाही, खांदा परत थोडा खाली न्या. मग हातोडीच्या गोल तोंडाने टोकाच्या कडेकडेने बारीक बारीक घाव, गोल गोल फिरत, मशरूमसारखी टोपी होईपर्यंत. थर फिरतायत का बघत राहा, फिरले तर टोपी घट्ट व्हायच्या आत सरळ करा. शेवटी फूल हलवून बघा, खुळखुळलं तर अजून चार घाव.

९. कळी मिटणं, फूल उघडणं

हे आतून बाहेर करायचं. सगळ्यात वरच्या लहान थरातली एक पाकळी निमुळत्या पकडीने उभी करून स्वतःभोवती गुंडाळा, घट्ट, पानाच्या विड्यासारखी. दुसरी तिच्यावर, तिसरी दुसरीवर, सगळ्या एकाच दिशेने. मग पुढचा थर, जरा सैल. तिसरा थर अर्धवट उभा. बाहेरचे दोन थर वाटीसारखे उघडे ठेवा आणि त्यांच्या कडा गोल नाकाच्या पकडीने मागे मुरडा, दोन्ही बाजू मुरडल्या की मध्ये ते टोक येतं, जे खऱ्या पाकळीत बघितलं होतं. पकडीच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळा, ओरखडे येत नाहीत. निदलं खाली वळवा.

एकदा वाकवलेली पाकळी मुळाशी मागे-पुढे करत बसू नका. दोनदा चालेल, चौथ्यांदा तुटेल. आणि सगळ्या पाकळ्या सारख्या करायच्या मोहात पडू नका, प्लॅस्टिकचं फूल दिसतं ते.

१०. पानं

गुलाबाचं एक पान म्हणजे खरं तर पाच किंवा सात छोट्या पर्णिका असतात. मी तीन करते, कोणी मोजत नाही. कात्रणातून कापताना प्रत्येकीला मागे दोन-तीन इंचाची बारीक पट्टी ठेवा, कडेला कानशीने दाते, मधून छिन्नीची एक रेघ, ताव द्या आणि ती पट्टी देठाला तीन वेढे घालून पकडीने आवळा. डाख लागत नाही.

११. रंग आणि लॅकर

नुसतं चकचकीत तांबं महिनाभरही तसं राहत नाही, पावसाळ्यात तर दोन आठवड्यांत बोटांचे ठसे उमटतात. त्यामुळे काहीतरी ठरवा.

ज्योतीचे रंग: टॉर्च लांबून, कडांवरून एक-दोन सेकंद, आधी केशरी मग लालसर मग जांभळट. हवा तो रंग यायच्या किंचित आधी थांबा, कारण धातू गरम असेपर्यंत रंग पुढे सरकत राहतो. इथे लाल होईपर्यंत तापवायचं नाही, नाहीतर केलेला सगळा ताठपणा गेला. किंवा उकडलेलं अंडं: गरम असताना सोलून दोन तुकडे करा आणि फुलासोबत बंद डब्यात ठेवा, अंड्याला फूल टेकू द्यायचं नाही. काही तासांत अंड्यातल्या गंधकाने तपकिरी ते काळपट रंग चढतो. डबा नंतर स्वयंपाकघरात परत जात नाही हे लक्षात ठेवा.

रंग आला की धुऊन पूर्ण वाळवा आणि क्लिअर लॅकरचे (पारदर्शक लेपाचे) दोन पातळ हात द्या, मोकळ्या हवेत. ज्योतीचे रंग लॅकरखाली थोडे फिके पडतात, म्हणून त्या फुलांना मी लॅकरऐवजी मधमाशीचं मेण लावते, फूल हेअर ड्रायरने कोमट करून मेण चोळायचं आणि सुती कपड्याने पुसायचं. वर्षातून एकदा परत लावावं लागतं.

पहिलं फूल व्हायला मला चार रविवार लागले, आता एक दिवस पुरतो. पूर्ण फूल देठासकट ८०-९० ग्रॅमचं होतं आणि त्यातलं बरंचसं वजन वर असतं, त्यामुळे काचेच्या उंच हलक्या फुलदाणीत ठेवलं की पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा ती कलंडते. तळाला चार बोटं वाळू घाला किंवा बुटकी, जड बुडाची फुलदाणी घ्या.